मूल जेवत नाही? आधी घड्याळ, मग दूध, ताट सगळ्यांत शेवटी

"काही खातच नाही ना जी पोरगं!" हे वाक्य झालं की घरातली मंडळी थेट ताटावर धावतात. पालकाचा पराठा, बिटाची गुलाबी पोळी, डोळे-तोंड काढलेला डोसा. दोन दिवस कौतुक होतं, तिसऱ्या दिवशी ताट जसंच्या तसं परत येतं. मग टॉनिक, मग दुधात घालायची पावडर, आणि शेवटी मोबाइल समोर धरून भरवलेले घास.

चूक पदार्थांत क्वचितच असते, ती क्रमात असते. या कामात ताटाचा नंबर पाचवा लागतो. बहुतेक घरं तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

खालची पद्धत २ ते १० वर्षांच्या, एरवी खेळत्या-बागडत्या मुलांसाठी आहे. दोन वर्षांखालच्या बाळांचं गणित वेगळं असतं, त्यांना ही लागू करू नका. पूर्ण व्हायला साधारण चार आठवडे लागतात. घरात लग्न, परीक्षा किंवा आजारपण असेल तर तो काळ जाऊ द्या आणि मग हात घाला.

तयारी: वही, माप आणि घरातली मोठी माणसं

तीन गोष्टी जमवा. एक साधी वही. मिलिलिटरच्या खुणा असलेलं एखादं माप, कारण "एक ग्लास" म्हणजे कुणाकडे १५० मिली, तर कुणाकडे ३००. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड: मुलाला खायला देणाऱ्या सगळ्या मोठ्यांना एकदा एकत्र बसवा. आई-बाबा, आजी, आबाजी, दुपारी सांभाळणाऱ्या मावशी, सगळे. आबाजींच्या खिशातल्या चॉकलेटने अख्खं वेळापत्रक कोसळतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांच्याकडे एक वेळ सोपवा. "साडेचारचं खाणं तुमच्या हातचं" असं सांगितलं की खिशातलं चॉकलेट बऱ्याचदा आपोआप थांबतं.

पायरी १: तीन दिवसांची नोंद

दोन शाळेचे दिवस आणि एक रविवार. रविवार हवाच, कारण सकाळचे तर्री पोहे आणि संध्याकाळचा नागपूरच्या फुटाळा तलावावरचा फेरफटका बाकीच्या दिवसांत दिसत नाही. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा. या तीन दिवसांत काहीही बदलू नका.

पाच वर्षांच्या मुलाची वही बहुतेक वेळा अशी दिसते. सव्वासहाला २०० मिली दूध, त्यात दोन चमचे पावडर, सोबत दोन बिस्किटं. साडेनऊला डबा, निम्मा परत. एक वाजता व्हॅनमध्ये मित्राचे चिप्स. दीडला चार घास वरण-भात. तीनला पुन्हा २०० मिली दूध. पाचला मूठभर चिवडा. साडेसहाला केळं. साडेआठला जेवणावरून रडारड. साडेनऊला, "उपाशी कसं झोपवायचं" म्हणून, २५० मिली दूध.

हे मूल खात नाही, असं म्हणता येईल का? त्याने दिवसात आठ-नऊ वेळा खाल्लं किंवा प्यायलं आहे. ६५० मिली फुल क्रीम दुधातूनच त्याला साडेपाचशेच्या वर किलोकॅलरी मिळाल्या. या वयाची दिवसाची गरज १,३६०च्या आसपास असते. बिस्किटं, चिवडा आणि पावडर धरली, तर साडेआठच्या ताटाला पोटात जागाच उरत नाही.

तपासा: वहीत दुपारी एकनंतर दोन खाण्यांमधलं सगळ्यांत मोठं अंतर किती आहे? ते कुठेच अडीच तासांच्या वर जात नसेल, तर मुलाला खरी भूक लागायची संधीच मिळालेली नाही.

पायरी २: वजन आणि उंची, शेजारच्या मुलाशी न ताडता

ही पायरी गाळू नका. पुढे चार-पाच दिवस मूल कमी जेवेल. त्या काळात मन घट्ट ठेवायला हे दोन आकडेच कामी येतात.

दोन वर्षांनंतर वयात येईपर्यंत वजन वर्षाला साधारण २ किलो वाढतं आणि उंची ५ ते ७ सेंटिमीटर. इतकंच. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट झालेलं आपण पाहिलेलं असतं, म्हणून पुढची ही संथ चाल आपल्याला थांबल्यासारखी वाटते. लसीकरणाच्या कार्डावरचे जुने आकडे काढा आणि मूल त्याच्याच रेषेवर चाललंय का ते पाहा. आई-बाबा दोघंही किरकोळ बांध्याचे असतील, तर मूल पहिलवान होणार नाही.

याच वेळी जंतांची गोळी झाली का ते विचारून घ्या. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये ती शाळा-अंगणवाडीत दिली जाते. पाच वर्षांवरच्या मुलांना शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी लोहगोळी बरेच पालक "कशाला उगाच" म्हणून बंद करायला लावतात. तसं करू नका. घरात किंवा जवळच्या नात्यात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर ही गोळी द्यायची की नाही ते मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा.

इशारा: वजन कमी होत असेल, सहा महिन्यांत उंची हललीच नसेल, घास गिळताना ठसका किंवा उलटी होत असेल, वारंवार जुलाब होत असतील, किंवा मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल, तर ही पद्धत बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. माती-खडू खाणं हे बऱ्याचदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. रागावून ते सुटत नाही.

पायरी ३: घड्याळ लावा

दिवसात खाण्याच्या पाच वेळा. मधल्या वेळात फक्त पाणी. दोन वेळांत तीन ते साडेतीन तास. सकाळच्या शाळेसाठी नागपुरात जमण्यासारखा आराखडा असा:

सव्वासहाला दूध आणि सोबत थोडंसं काही, साडेनऊला डबा, एकला जेवण, साडेचारला मधलं खाणं, साडेसातला रात्रीचं जेवण.

रात्रीच्या साडेसातवर घरोघर कुरबुर होते. बाबा नऊला येतात, सगळे एकत्र जेवतात, मग मूल एकटंच कसं जेवणार? पण पहाटे साडेपाचला उठलेलं मूल रात्री नऊला झोपेने पेंगत असतं, आणि त्या पेंगण्यालाच आपण "नखरे" म्हणतो. मोठ्यांपैकी एकाने तरी त्याच्यासोबत साडेसातला बसावं. बाबांनी सुट्टीच्या दिवशी बसावं.

आता कामाची वाटणी. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, हे मुलाने. ताट वीस ते तीस मिनिटं समोर राहील. नंतर शांतपणे उचलायचं. टोमणा नाही, "बघ आता रात्री भूक लागली तर" अशी धमकीही नाही. पुढची वेळ येईपर्यंत पाणी.

पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. मूल दुपारी दोन घास खाऊन उठतं आणि तीन वाजता बिस्किटं मागतं. इथे घर फुटतं. "इतकुसं तं आहे, देऊन टाका ना" असा आवाज आतल्या खोलीतून येतोच. बिस्किट दिलं, की मुलाला कळतं की ताट नाकारलं तर बिस्किट मिळतं. त्याऐवजी साडेचारचं खाणं चारला आणा. वेळ थोडी सरकली तर चालेल, मधली फट मात्र भरू नका.

नेहमीची चूक: मधलं खाणं बंद करायचं म्हणून साडेचारचंही बंद करणं. लहान पोटाला ते लागतंच. फक्त ते चिवडा-फरसाण नसावं. उकडलेलं अंडं, मुरमुऱ्यात भाजलेल्या फल्लीचा (शेंगदाण्यांचा) कूट आणि बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), दही-पोहे, किंवा फळासोबत राजगिऱ्याचा लाडू चालेल.

तपासा: चौथ्या-पाचव्या दिवशी मूल स्वतःहून "भूक लागली" म्हणालं का? म्हणालं, की पुढची पायरी घ्या. नसेल म्हणालं, तर घरात कुठेतरी गळती आहे. बहुधा व्हॅनमध्ये किंवा शेजारच्या काकूंकडे.

पायरी ४: दूध मोजा आणि हळूहळू उतरवा

या पायरीवर सगळ्यांत जास्त वाद होतात, म्हणून आधी कारण सांगते.

४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि लोह ११ मिलिग्रॅम. ६५० मिली दुधात प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोटा पूर्ण होऊन वर उरतात. लोह मात्र दुधात जवळपास नसतंच. पोट दुधाने भरलं की ज्यातून लोह यायचं ते वरण, भाकरी आणि भाजी बाहेर राहतात. शिवाय दुधातलं कॅल्शियम त्याच वेळी खाल्लेल्या अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. म्हणून "दूध पितो ना, मग ठीक आहे" म्हणणाऱ्या घरातलं गुटगुटीत, गोरंगोमटं मूलही आतून फिकट असू शकतं.

ध्येय: दिवसाला दही-ताक धरून सुमारे ४०० मिली. कॅल्शियमची गरज या वयात साधारण ५५० मिलिग्रॅम असते. तीळ, राजगिरा आणि पालेभाजीचा हातभार धरला, तर ती एवढ्या दुधात भागते.

उतरवण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी रात्रीचं दूध, मग दुपारचं. दर दोन दिवसांनी ५० मिली कमी. एकदम बंद केलंत तर रडारड होते आणि तिसऱ्या रात्री बाटली परत येते. पाणी घालून मात्र दूध वाढवू नका. त्याने पोट तेवढंच भरतं आणि पोषण आणखी कमी होतं. उरलेलं दूध सकाळी आणि साडेचारच्या खाण्यासोबत द्या. जेवणासोबत नाही, जेवणानंतर लगेचही नाही.

पावडरचंही असंच करा, दर तीन दिवसांनी अर्धा चमचा कमी. डब्यामागची घटकांची यादी वाचा. ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त, ते यादीत सर्वांत आधी छापावं लागतं, आणि साखर बहुतेक पहिल्या दोन-तीन नावांत सापडते. 'हेल्थ ड्रिंक' ही संज्ञा भारताच्या अन्नसुरक्षा कायद्यात नाहीच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं त्या नावाखालून काढायला सांगितलं होतं. दूध नुसतं आवडत नसेल, तर त्याचं दही लावा.

इशारा: चहा. "दुधाचाच तर आहे" म्हणून आपल्याकडे चार-पाच वर्षांच्या मुलांनाही चहा-पोळी दिली जाते. चहातलं टॅनिन पोळीतलं लोह अडवतं. मुलांना चहा नकोच. आणि मोठ्यांनी जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला, तर त्यांचाही फायदा आहे.

पायरी ५: आता ताट

इथपर्यंत नीट आलात, तर निम्मं काम झालेलं असतं, कारण आता समोर भुकेलं मूल बसलेलं आहे. वेगळा स्वयंपाक करू नका. विदर्भातलं रोजचं जेवण मुलांसाठी पुरेसं चांगलं आहे, फक्त आपण ते मुलांना पातळ करून वाढतो.

वरणापासून सुरू करा. वरणाच्या वरचं पिवळं पाणी भातावर घातलं म्हणजे डाळ दिली, असं समजू नका. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात, पण ती खाली बसलेल्या घट्ट भागात. पळी तळापासून फिरवा. घोटलेलं घट्ट वरण, त्यावर एक चमचा तूप आणि लिंबू. लिंबू ताटातच पिळायचं, कुकरमध्ये घालायचं नाही. उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व बरंच जातं, आणि डाळी-भाजीतलं लोह शोषायला तेच मदत करतं.

एक वेळ भाताऐवजी भाकरी ठेवा. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ४ मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. लहान मुलाला आख्खी भाकरी चावत नाही. गरम भाकरी घट्ट वरणात किंवा चुनात (बेसनाच्या पिठल्यात) कुस्करून द्या. आणि आपली पातळभाजी! पालक, हरभऱ्याची डाळ आणि फल्ली एकाच भांड्यात. वरून लिंबू पिळलं, की लोहासाठी याहून सोयीचा पदार्थ मला तरी ठाऊक नाही. हिवाळ्यात हिरवे सोले (तुरीचे ओले दाणे) मिळतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा सोलेभात करा. सोले मऊ शिजू द्या. जवसाची चटणी तिखट कमी घालून वेगळी कुटून ठेवा. भाकरीवर तेलात कालवून चमचाभर पुरते. अंडं-मांस चालत असेल तर चांगलंच, त्यातलं लोह जास्त सहज शोषलं जातं.

तिखटाचा प्रश्न भांड्यातच सोडवा. फोडणीत हळद, जिरं, लसूण घाला. मुलाचं काढून घेतल्यावर तिखट वेगळ्या तेलात परतून वरून ओता. तर्री मोठ्यांची मोठ्यांना.

वाढताना हात आखडता ठेवा. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा, हे प्रत्येक पदार्थाचं सुरुवातीचं माप. चार वर्षांच्या मुलाला चार चमचे वरण आणि चार चमचे भात दिसायला अगदी कमी वाटतं. वाटू द्या. मागून घेतलेला पाचवा चमचा फार मोलाचा असतो.

संत्र्याचा हंगाम असेल तर जेवणानंतर संत्रं. आधीचं आंबिया बहाराचं पीक संपलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराचं येतंच. फोडी द्या, रस नको. गाळलेल्या रसात चोथा जातो आणि तीन संत्र्यांची साखर एका ग्लासात उतरते.

इशारा: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे फल्लीदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न किंवा अख्खी द्राक्षं देऊ नका. दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. कूट करा, द्राक्षं उभी चिरा, संत्र्याच्या बिया काढा. खाताना मूल बसलेलं असावं, पळत नसावं.

पायरी ६: नवी भाजी

एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही दोन ओळखीच्या पदार्थांसोबत, चमचाभर. मुलाने हात लावला नाही तरी गप्प बसा. चार दिवसांनी पुन्हा चमचाभर. एखादी चव मान्य व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. आपण तिसऱ्या वेळेला "याला दोडकं आवडतच नाही" असं जाहीर करतो, आणि मूल ते आयुष्यभर पाळतं.

भाजी पराठ्यात लपवणं अडीनडीला ठीक. पण लपवलेल्या भाजीची ओळख होत नाही. पराठ्यातून मेथी खाणारं मूल ताटातल्या मेथीकडे परक्यासारखंच पाहतं. "भाजी संपव, मग आइस्क्रीम" हा सौदा तर करूच नका. भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस, एवढंच त्यातून शिकलं जातं. बाजारात सोबत न्या. कॉटन मार्केटच्या गर्दीत नको, जवळच्या आठवडी बाजारात. भेंडी मोडून बघू द्या, शेंगा सोलायला बसवा.

मोबाइलबद्दल एकच: तो बंद करायचा तो या पायरीवर आल्यावर, आधी नाही. भूक नसलेल्या मुलाचा मोबाइल काढलात, तर फक्त भांडण होतं.

पायरी ७: डबा

डब्यात नवा पदार्थ कधीच नाही. सुट्टी लहान असते, मित्र बोलावत असतात, तेव्हा प्रयोगाला वेळ कुणाला? हाताने उचलून चार-सहा घासांत संपेल असं द्या: मुगाच्या डाळीचं धिरडं, दाण्याची चटणी लावलेली पोळीची गुंडाळी, मटार घातलेले पोहे, अंड्याची पोळी. डबा परत आला तर आधी माप कमी करा, पदार्थ नंतर बदला. झाकण मुलाला स्वतःला उघडता येतं का, तेही पाहा. हसू नका, यापायी उपाशी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

गरम अन्नावर लगेच झाकण लावू नका. वाफ जिरते आणि अन्न लवकर आंबतं. मार्च संपला की दहीभात, पनीर, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि उकडलेले बटाटे डब्यातून बाद करा. चाळिशीच्या उन्हात, बंद व्हॅनमध्ये तासाभरातच ते बिघडू शकतात. त्या दिवसांत कोरडी पोळी-चटणी, थालीपीठ, लाडू.

उन्हाळ्यापुरता बदल

पारा ४५वर गेला की मुलांची दुपारची भूक मरते, मोठ्यांचीही मरते. तेव्हा मुख्य जेवण सकाळी नऊला आणि रात्री आठला आणा. दुपारी कैरीचं पन्हं, ताक, कलिंगड, काकडी एवढंच. पन्ह्यात साखर-गूळ बेताने घाला. थंड पेयाच्या २०० मिली बाटलीत चार-पाच चमचे साखर असते. ती एकदा वाटीत काढून मुलांना दाखवा, त्यांना गंमत वाटते आणि लक्षातही राहतं. पाणी मागण्याची वाट पाहू नका, खेळणारं मूल तहान विसरतं.

चौथ्या आठवड्यात: पुन्हा तीन दिवस वही

तेच दोन शाळेचे दिवस, तोच रविवार. जुनं पान शेजारी ठेवा आणि तीनच गोष्टी ताडून पाहा: दिवसात किती वेळा खाल्लं, दूध किती मिली झालं, आणि "भूक लागली" कितीदा ऐकू आलं. वजन आत्ता करू नका. चार आठवड्यांत काटा हलेलच असं नाही, आणि नाही हलला की घाबरून बाटली परत येते. ते तीन महिन्यांनी.

खाण्याच्या वेळा पाच-सहांवर आल्या असतील आणि ताट तरीही परत येत असेल, तर पायरी ५ आणि ६ आणखी महिनाभर चालू ठेवा. वेळा अजून आठ-नऊच असतील, तर नवीन पाककृती शोधू नका, पायरी ३ वर परत या. पाच वाजताचा चिवड्याचा डबा कोणत्या फळीवर ठेवलाय, तेवढं आधी बघा.